स्पंजाचा वायपर आम्ही का टाकला

गोव्यातल्या डिचोली औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यासाठी फरशी स्वच्छ करायचे सामान मी आजवर चार वेळा विकत घेतले. पहिल्या तीन वेळा ते चुकले, आणि दर वेळी वेगळ्या कारणाने. चौथ्या वेळी आणलेले अजून वापरात आहे. मधल्या दीड वर्षात जे कळत गेले ते सविस्तर लिहिते आहे. छोटा कारखाना चालवणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही, सामान विकणारे तर नाहीच.

कारखाना म्हणजे तीन खोल्या आणि २१ माणसे. मोठ्या खोलीत कोकम सरबत, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि कैरीचे लोणचे होते. मागच्या लहान खोलीत सुंगटांचे बालचांव, म्हणजे कोळंबीचे आंबट-तिखट लोणचे. रस्त्याकडच्या खोलीत काजू: भाजलेला गर सोलायचा, निवडायचा आणि पाकिटात भरायचा. धंदा वाढत गेला तशा खोल्या जोडल्या गेल्या, त्यामुळे फरशीही तीन तऱ्हेची. मोठ्या खोलीत कोटा दगड, मागे टाइल्स, काजूकडे गुळगुळीत घोटलेला कोबा.

मी कामाला लागले तेव्हा सफाईचे सामान म्हणजे माडाच्या हिरांचा खराटा, सुती धाग्यांचा मॉप, बादली आणि पांढरे फिनेल. मी नवे आणले तेही तसेच, फक्त म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणि जास्त संख्येने. घरी जे चालते ते इथेही चालेल, असे मला मनापासून वाटत होते. पावसाळा लागला आणि पंधरा दिवसांत एका दुकानदाराने काजूची पाकिटे परत पाठवली. काजूला फिनेलचा वास येत होता. काजूत तेल भरपूर असते आणि तेल आजूबाजूचा वास पटकन धरून ठेवते, हे मला माहीत होते. पण फरशीवरचा वास बंद खोलीतून गरापर्यंत जाईल, असे मनात आले नव्हते. त्या दिवसापासून फिनेल फक्त संडासात. खाद्यपदार्थ उघडे असतात तिथे सुगंधी द्रव कुठलाच नको, मग तो लिंबाच्या वासाचा का असेना.

मॉप गेला तोही त्याच पावसाळ्यात. गोव्यात जून ते सप्टेंबर सुती कापड वाळत नाही, हे इथल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. जाड धाग्यांचा मॉप तर आतून कधीच वाळत नाही. सकाळी तो बादलीत बुडवायचा, म्हणजे रात्रभर वाढलेले जंतू पाण्यात सोडायचे आणि तेच पाणी खोलीभर पसरायचे.

म्हणून दुसऱ्या खरेदीत मॉप बंद करून वायपर आणले. काळ्या स्पंजाच्या दोन पट्ट्यांचा, लोखंडी पट्टीत बसवलेला, लाकडी दांड्याचा वायपर सगळ्यांनी पाहिलेला असतो. पाणी तो उत्तम ओढतो. कोट्याच्या खडबडीत पृष्ठभागावरही पाणी मागे ठेवत नाही. आम्ही समाधानी होतो.

मग आमचे बालचांव घ्यायला तयार झालेल्या एका खरेदीदाराने पाहणीसाठी एक बाई पाठवल्या. त्यांनी परवाना पाहिला, नोंदवह्या पाहिल्या, फरशी पाहिली आणि छान आहे म्हणाल्या. जाता जाता मोठ्या खोलीच्या कोपऱ्यातला वायपर त्यांनी उचलला आणि हातमोजा घातलेल्या बोटांनी तो स्पंज दाबला. तपकिरी पाणी नुकत्याच पुसलेल्या फरशीवर ठिबकले. वास सुंगटांचा होता. त्या दिवशी आम्ही सुंगटांना हातही लावला नव्हता. बालचांवची शेवटची खेप चार दिवसांपूर्वीची, आणि तीही मागच्या खोलीत.

त्या रागावल्या नाहीत. "पुसणारी वस्तू धुता येते का, एवढं बघून घ्या," असे म्हणाल्या आणि गेल्या. मी मात्र रात्री नीट झोपले नाही. कवचाचे मासे, म्हणजे सुंगटे, ज्यांना सोसत नाहीत अशी माणसे असतात. काजू न चालणारीही असतात. अशा माणसाचा जीवही जाऊ शकतो. पाकिटावर आपण कायद्याने तसे छापतो, आणि इकडे एकच वायपर दोन्ही खोल्यांतून फिरतो. म्हणजे पाकिटावर छापलेल्या शब्दांना अर्थ काय उरला?

वायपर आणि नालीच्या जाळीवरून कापसाच्या बोळ्याने नमुने घेऊन आम्ही प्रयोगशाळेत पाठवले. वायपरच्या अहवालात आकडा नव्हताच. "मोजता येणार नाहीत इतक्या वसाहती", म्हणजे जंतूंचे पुंजके, असे लिहिले होते. लिस्टेरिया सापडला नाही, हा मोठा दिलासा. हा जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतो आणि ओल्या नाल्यांत, फटींत वर्षानुवर्षे तळ ठोकून राहतो. स्पंज म्हणजे नुसत्या फटीच. त्याची भोके एकमेकांना जोडलेली असतात. आत अन्नाचे कण अडकतात, जंतू त्यांवर चिकट थर धरतात आणि त्या थराखाली औषध पोचत नाही. स्पंज धुतल्यासारखा दिसतो, पण धुतला जात नाही. स्पंजाचे वायपर दुसऱ्याच दिवशी बाहेर गेले.

तिसरी खरेदी घाईची झाली. रंगीत सामान घ्या, असे सगळे सांगत होते, म्हणून पाच रंगांचा एक स्वस्त संच मागवला आणि काजूच्या खोलीला पिवळा रंग दिला. दीड महिन्याने निवडणाऱ्या एका मुलीच्या बोटांना काजूच्या ट्रेमध्ये ब्रशचा केस लागला. पिवळट काजूत पिवळा केस. तिच्या बोटांना कळला म्हणून सापडला, डोळ्यांना दिसला नव्हता. ट्रे जमिनीवर टेकवला गेला होता, हा वेगळा दोष, तो आम्ही सुधारला. पण मी ब्रश उलटा करून पाहिला, तर केसांचा एकेक झुबका तारेच्या बारीक तुकड्याने भोकात ठोकलेला होता. तार गंजली होती आणि झुबके सैल झाले होते. गंजलेली तारही कधीतरी सुटून ट्रेमध्ये पडली असती.

त्यानंतर मी महिनाभर काहीच विकत घेतले नाही. मालकांना सांगितले, "बाब, आधी मला फरशीवर काय पडतं ते बघू दे." त्यांनी वेळ दिला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

हा महिना मला सगळ्यात उपयोगी पडला. वही घेऊन मी तीनही खोल्यांत दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी उभी राहिले. मोठ्या खोलीत पडते ते आंबट, खारट आणि साखरेचे: भिरंडांचा (कोकमाच्या ताज्या फळांचा) रस, मीठ, पाक, आणि लोणच्याचे तेल. मागच्या खोलीत सुंगटांचे पाणी, मसाला आणि माडाच्या सुरेचे व्हिनेगर. काजूकडे तांबूस सालींचा भुगा आणि गराची पीठासारखी धूळ. तीन खोल्यांतली घाण वेगळी, म्हणजे साधनेही वेगळीच हवीत. मी इतके दिवस तीन खोल्यांसाठी एकच वस्तू शोधत होते.

कोकमाचे डाग पाहणे हा त्यातला एक धडाच होता. भिरंडाचा लाल रंग आंबटात लाल राहतो आणि साबण-सोड्यात निळसर काळा पडतो. आमच्या कामगारांना तो काळा डाग म्हणजे जास्त घाण वाटायची, म्हणून एकाने संडासाचे ॲसिड ओतले. कोटा हा चुनखडीचा दगड. ॲसिड पडताच फसफसला, डाग गेला आणि त्याबरोबर दगडाचा वरचा थरही गेला. तो तुकडा आजही बोटाला खरखरीत लागतो. त्याहून मोठी भीती अशी की दहा मिनिटांपूर्वी तिथेच हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचे क्लोरीनचे द्रव, टाकलेले होते. आम्ही त्याला हायपो म्हणतो. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. त्या मुलाला जोरात खोकला लागला, आम्ही दारे उघडून सगळ्यांना बाहेर काढले. तो तासाभरात बरा झाला. ॲसिडची बाटली त्या दिवशी कारखान्यातून गेली ती कायमची.

अन्नसुरक्षा परवान्याच्या २०११ च्या नियमावलीतले शेड्यूल ४, म्हणजे स्वच्छतेच्या अटींचे परिशिष्ट, मी पुन्हा काढून वाचले. फरशी पाणी न शोषणारी, धुता येणारी, न घसरणारी असावी, पाणी वाहून जाईल असा उतार असावा, हे त्यात आहे. झाडू कुठला घ्यावा, कुठल्या खोलीला कुठला रंग, हे त्यात नाही. ते आपणच ठरवायचे, लिहून ठेवायचे आणि पाळायचे.

चौथ्या खरेदीसाठी रंग मी पदार्थाच्या उलट निवडले. काजूला निळा, कारण आमच्याकडे निळे काहीच तयार होत नाही. बालचांव लाल, म्हणून त्या खोलीला हिरवा. कोकम-लोणच्याला पांढरा. नाल्यांना काळा आणि संडासाला लाल, हे दोन मात्र बाकी सगळ्यांपासून अगदी वेगळे ठेवायचे, टांगायची जागासुद्धा वेगळी. पांढऱ्याची निवड पूर्ण बरोबर नव्हती. हळदीने ते ब्रश पिवळे पडले आणि आता डाग कुठला आणि मळ कुठला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. पुढच्या वेळी तो रंग बदलणार आहे.

मग साहित्य. ब्रशचा ठोकळा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा, भोके-खाचा नसलेला. केस पॉलिएस्टरचे, कारण नायलॉन पाणी शोषून मऊ पडतो आणि पॉलिएस्टर फारसे शोषत नाही. पावसाळ्यात हा फरक हाताला कळतो. दांडा लाकडाचा नको, ॲल्युमिनियम किंवा ग्लास फायबरचा, दोन्ही टोके बंद असलेला. पोकळ दांड्याचे टोक उघडे असेल तर आत पाणी साचते. एक दुकानदार "फूड ग्रेड" शिक्का दाखवत होता. तो कशाच्या आधारावर दिला याचा कागद मी मागितला, तर त्याने नंतर पाठवतो सांगितले आणि तो आलाच नाही. ज्या पुरवठादाराने अन्नाशी संपर्काबद्दलचे लेखी प्रमाणपत्र आणि कुठल्या तापमानापर्यंत धुता येते याचा तक्ता न मागता दिला, त्याच्याकडून मी घेतले.

वायपर रबराच्या एकाच पात्याचा घेतला, ठोकळ्यासकट एकसंध. आधी सगळे नाराज होते, कारण हे खरेच आहे की कोट्याच्या उंचसखल दगडावर एकेरी पाते स्पंजाइतके पाणी ओढत नाही. दोनदा फिरवावे लागते. हा तोटा आम्ही पत्करला. पाच मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

रुंदीत मात्र मी चुकले असते. कॅटलॉग बघून ६० सेंटीमीटरचे मागवणार होते. आमच्या सफाईच्या मावशींनी मला हाताला धरून भरणी यंत्राजवळ नेले आणि दोन पायांमधले अंतर दाखवले. ६० चा तिथे जातच नाही. मग ४० चे यंत्रांखाली आणि ६० चा एकच, मधल्या मोकळ्या जागेसाठी. नमुन्याला आलेला दांडा हातात घेऊन त्या लगेच म्हणाल्या, "बाय, हाचो दांडो ल्हान." त्यांना कमरेत वाकावे लागत होते. दीड मीटरचा मागवला. फरशी मी पुसत नाही, त्या पुसतात. त्यांच्या पाठीचा विचार मी कॅटलॉग वाचताना केला नव्हता, आणि तो पहिला करायला हवा होता. एका बनावटीचा दांडा दुसऱ्या बनावटीच्या ब्रशला बसत नाही, आटे जुळत नाहीत, हेही नमुन्यांवरूनच कळले. म्हणून सगळे एकाच बनावटीचे घेतले.

घासायला मोठ्या खोलीत मध्यम कडक ब्रश, मागे टाइल्सच्या सांध्यांसाठी अरुंद कडक ब्रश, नालीसाठी काळा गोल ब्रश. सुंगटांची खोली आधी गार पाण्याने धुवायची. सुरुवातीलाच गरम पाणी ओतले की त्यांतली प्रथिने शिजून फरशीला चिकटतात. मग साबण, घासणे, पुन्हा पाणी, आणि शेवटी हायपो. घाणीवर ओतलेले हायपो घाणीतच खर्ची पडते, जंतूंपर्यंत पोचत नाही.

काजूची खोली पूर्ण कोरडी. हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण पाण्याशिवाय स्वच्छ कसे होईल, असे सगळ्यांना वाटे. पण कोरड्या धुळीत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असला तरी तो वाढत नाही, फक्त टिकून राहतो. पाणी मिळाले की वाढू लागतो. त्यामुळे तिथे पाणी नेणे हाच धोका. लांब मऊ केसांचा निळा झाडू, खरवडणी आणि हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणारा, व्हॅक्युम. कडक केसांचा झाडू तिथे धूळ उडवतो. कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रे फुंकायची जुनी सवय होती, तीही बंद केली. हवेने धूळ जात नाही, फक्त जागा बदलते.

दोन यंत्रांची प्रात्यक्षिके पाहिली. जोरदार पाण्याचा प्रेशर वॉशर पाहून मालक खूश झाले. मी नालीच्या शेजारच्या टेबलावर काळा कागद पसरून ठेवला होता. दोन मिनिटांत त्यावर नालीतल्या पाण्याचे थेंब दिसले, कमरेच्या उंचीवर. नको म्हटले. फरशी घासून पाणी ओढून घेणारे चाकांचे यंत्र चांगले होते, पण ते तीनही खोल्यांतून फिरले असते आणि त्याची घाण पाण्याची टाकी रोज धुणे हे आणखी एक काम झाले असते. आमच्याएवढ्या जागेला हाताने पंप मारायचा फेसाचा फवारा पुरला.

आणलेले सामान वाळवायचे कुठे, हा प्रश्न पावसाळ्याने विचारला. भिंतीवर स्टीलच्या टांगण्या लावल्या, एकमेकांना न टेकणाऱ्या, जमिनीपासून वर. आषाढात रात्रभर टांगलेला ब्रशही सकाळी ओलाच. शेवटी प्रत्येक रंगाचे दोन-दोन संच केले. एक वापरात, दुसरा पंख्याखाली वाळत. कामाची पाळी संपली की प्रत्येक ब्रश साबणाने धुवायचा, दहा मिनिटे हायपोच्या पाण्यात ठेवायचा, मग टांगायचा. ५ टक्क्यांचे हायपो असेल तर लिटरभर पाण्याला ४ मिलिलिटर, म्हणजे २०० पीपीएम (दहा लाख भागांत २०० भाग). गोव्याच्या उकाड्यात कॅनमधले हायपो आपोआप कमजोर होत जाते, म्हणून लहान कॅन घेतो, उघडल्याची तारीख लिहितो आणि चाचणीच्या कागदी पट्टीने रंग बघतो. मावशींनी ही पट्टी वाचायला एका दिवसात शिकून घेतली. आता पट्टीचा रंग फिका आला तर त्या पाणी ओतून देतात आणि मग मला सांगतात.

खर्च पहिल्यापेक्षा बराच जास्त झाला, हे लपवत नाही. एक ब्रश बाजारातल्या सात-आठ झाडूंच्या किमतीचा. पण तेव्हापासून एकही केस ट्रेमध्ये सापडलेला नाही. मागच्या महिन्यात वायपरचा नमुना पुन्हा पाठवला, त्यात मोजता येईल असा छोटा आकडा आला. तो कागद मी नोंदवहीत चिकटवून ठेवला आहे.

एक गोष्ट सामानाने सुटली नाही. सरबत भरायच्या यंत्राखाली, ॲसिडने खाल्लेल्या त्याच तुकड्यापाशी, पाणी साचते. लेव्हल पाइप लावून पाहिले तर तिथला उतार नालीकडे नसून भिंतीकडे आहे. मीटरला दीड सेंटीमीटर उतार हवा. चवथीच्या सुट्टीत कारखाना बंद असतो तेव्हा फरशी फोडून इपॉक्सी (फरशीला चिकटून कडक होणारा रासायनिक लेप) करावी, असा मालकांचा विचार होता. पण त्या दिवसांत खालचे काँक्रीट ओलसर असते आणि ओल्यावर इपॉक्सी धरत नाही, सुटून येते. फेब्रुवारीपासून काजू, एप्रिलपासून भिरंडे. म्हणजे जानेवारीच मोकळा. गवंड्याला तसे सांगितले आहे. तोवर मावशी पाळीत चार वेळा ४० चा वायपर घेऊन त्या कोपऱ्यातले पाणी नालीकडे ओढतात, आणि वेळ भिंतीवरच्या तक्त्यात लिहितात.